आग विझवणाऱ्याच्या छातीवरचा पट्टा: आकडे मिळाले, पुढे काय?

आडवळण (धागाकर्ती)

अग्निशमन दलाच्या जवानाच्या छातीवर सेन्सरचा पट्टा बांधायचा. त्याची नाडी, शरीराचं तापमान, श्वासाचा वेग बाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या टॅबवर दिसत राहणार. कुणाचं बिनसायला लागलं की लाल दिवा, आणि त्याला वेळेत बाहेर काढायचं. प्रदर्शनाच्या स्टॉलवर हे झकास दिसतं. माझं काम शरीरातून येणाऱ्या सिग्नलांवरच चालतं, त्यामुळे या कल्पनेबद्दल मला आस्थाच आहे. पण जितकं वाचत गेले तितकं वाटायला लागलं की हा लाल दिवा भलत्याच वेळेसाठी बसवलाय.

आधी मुळात याची गरज का पडली ते सांगते. आगीच्या कामात जवान जातात ते भाजून, गुदमरून नाहीतर छत अंगावर कोसळून, अशी आपली सर्वसाधारण समजूत. अमेरिकेतली आकडेवारी वेगळं सांगते. तिथे ड्यूटीवर असताना दगावणाऱ्या जवानांपैकी सुमारे ४५ टक्के हृदयविकाराने जातात. स्टेफानोस केल्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ ते २००४ मधल्या अशा मृत्यूंची छाननी करून २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लेख लिहिला. प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानाचा वर्षातला जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो, पण हृदयविकाराचे ३२ टक्के मृत्यू त्याच वेळात झालेले. वर्दीवर, म्हणजे आगीचा निरोप आल्यावर तिकडे जाताना १३ टक्के. आणि परतताना १७ टक्के.

परतताना! म्हणजे आग आटोक्यात आलेली, गाडी स्टेशनकडे निघालेली, सगळ्यांनी हुश्श केलेलं.

यामागचं कारण सरळ आहे. अंगावर सूट, पाठीवर सिलिंडर, हातात अवजारं, सगळं मिळून वीस किलोच्या वर ओझं. सूट बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तसा आतला घामही बाहेर उडू देत नाही. घाम गळत राहतो पण शरीर थंड होत नाही. रक्तातलं पाणी कमी होतं, रक्त त्वचेकडे वळतं, आणि उरलेल्या रक्तावर हृदयाला स्नायूंची भूक भागवायची असते. २०१७ साली 'सर्क्युलेशन' या हृदयविकारांवरच्या नियतकालिकात आलेल्या एडिंबरोच्या अभ्यासात १९ निरोगी जवानांना सरावाच्या आगीत पाठवून आधी आणि नंतर तपासलं. बाहेर आल्यावर त्यांचं रक्त गोठण्याकडे जास्त झुकलेलं होतं, रक्तवाहिन्या नीट पसरत नव्हत्या, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारं ट्रोपोनिनही किंचित वाढलेलं. ही तरणीताठी, धडधाकट माणसं.

त्यात भर म्हणजे शरीराच्या आतलं तापमान बाहेर आल्याबरोबर उतरत नाही, उलट आणखी काही मिनिटं चढतच राहतं. आणि आपण काय करतो? माणूस बाहेर आला की पट्टा काढून पेटीत ठेवतो.

तर माझा मुद्दा असा की सेन्सरचा खरा उपयोग आगीच्या आत कमी आणि बाहेर आल्यानंतरच्या तासाभरात जास्त आहे. प्रत्यक्ष काम केलेलं कुणी इथे असेल तर ऐकायला आवडेल.

गोगलगाय

रुमाल टाकून ठेवतो.

तिरफळ

एवढा काथ्याकूट कशाला? साध्या स्मार्टवॉचमध्ये नाडी, ऑक्सिजन, ईसीजी सगळं येतं आजकाल. प्रत्येकाच्या मनगटात एकेक घड्याळ अडकवा आणि व्हा मोकळे.

आडवळण

तिरफळ, मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके मोजतं. शांत बसलेल्या माणसावर ते चांगलं चालतं. पण कुऱ्हाडीने दार फोडताना किंवा पाण्याने ताठ झालेला होज ओढताना मनगट हलतं, घड्याळ त्वचेवरून सरकतं, आणि त्या हालचालीच्या लाटा नाडीच्या लाटांत मिसळतात. कित्येकदा घड्याळ हाताच्या हालचालीचा तालच नाडी म्हणून सांगतं. वर हातमोज्याचा घट्ट कफ तिथेच येतो. छातीवरचा पट्टा हृदयाचा विद्युत सिग्नल थेट घेतो आणि घामाने त्याचा संपर्क उलट सुधारतो. म्हणून या कामात पट्टाच.

नाडीपरीक्षा

तातडीच्या विभागात काम करते, म्हणून घड्याळातल्या 'ऑक्सिजन'वर थोडं लिहिते. धुरातून आलेल्या माणसाबाबत तो आकडा सपशेल फसवा असतो.

साधा ऑक्सिमीटर दोन रंगांचा प्रकाश वापरतो, लाल आणि इन्फ्रारेड, आणि त्यावरून हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलंय की रिकामं आहे ते ठरवतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो, आणि असं चिकटलेलं हिमोग्लोबिन या यंत्राला ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. म्हणजे माणसाला विषबाधा झालेली आणि स्क्रीनवर ९८. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणणाऱ्याला 'ऑक्सिजन मस्त आहे' सांगून घरी धाडलं तर काय होईल विचार करा. कार्बन मोनॉक्साइड वेगळा दाखवणारी, जास्त तरंगलांबी वापरणारी बोटाला लावायची यंत्रं २००५ पासून मिळतात. चाळणी म्हणून ती ठीक, पण शंका असेल तर रक्त तपासणीच. साध्या हवेत तो रक्तातून निम्मा व्हायला चारपाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. धुरात सायनाइडही असतं, त्याचं तर अंगावर घालायचं मोजमापच नाही.

आणखी एक. पट्ट्यावरचा ईसीजी एकाच कोनातून हृदयाकडे पाहतो. ठोक्यांची लय बिघडली तर दिसेल, पण रक्तपुरवठा तुंबतोय का हे त्यावरून खात्रीने कळत नाही, त्याला बारा लीडचा ईसीजी लागतो. 'हार्ट अटॅक आधीच ओळखणारा शर्ट' अशी जाहिरात दिसली तर पाकीट खिशातच राहू द्या.

इस्कटून_सांगा

माझ्यासारख्या बिगारी वर्गातल्याने एक विचारू का? शरीराच्या 'आतलं' तापमान मोजतात कसं? कपाळाला लावायची ती बंदूक चालत नाही का?

आडवळण

कपाळाची बंदूक त्वचा मोजते, आणि आगीतून आलेल्याची त्वचा काय वाट्टेल ते सांगेल. आतलं मोजायचं तर एक गिळायची गोळी आहे, तिच्यात तापमापक आणि छोटा ट्रान्समीटर. नासा आणि जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेने मिळून ती बनवली. १९९८ साली सत्त्याहत्तराव्या वर्षी जॉन ग्लेन पुन्हा अंतराळात गेले तेव्हा त्यांनीही अशी गोळी घेतली होती. संशोधनाला उत्तम. पण ती जठरातून पुढे सरकायला काही तास आधी गिळावी लागते, नाहीतर गार पाणी प्यायलं की आकडा धाडकन खाली येतो. वर्दी कधी येणार हे आधी कुणाला माहीत असतं? शिवाय गोळी पोटात असेपर्यंत एमआरआय चालत नाही.

म्हणून दुसरा मार्ग अंदाजाचा. अमेरिकी लष्करासाठी मार्क बुलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. दर मिनिटाच्या नाडीवरून आतलं तापमान कुठे असेल याचा ती हिशेब मांडत जाते. चूक साधारण ०.३ अंशाच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ३८.५ आणि ३९ यांच्यात जिथे निर्णय घ्यायचा तिथे ०.३ म्हणजे बरंच झालं. आणि नाडी फक्त उष्णतेने वाढत नाही. १९७५ सालच्या एका अभ्यासात स्टेशनात नुसती घंटा वाजल्यावर पहिल्या १५ ते ३० सेकंदांत जवानांची नाडी सरासरी ४७ ने वाढलेली दिसली. अजून गाडीतही बसले नव्हते!

तापमान आणि नाडी एकत्र करून एक आकडा काढतात, ० ते १० मधला, शरीरावरच्या ताणाचा निर्देशांक. मोरान आणि सहकाऱ्यांचा, १९९८ चा. समजा विश्रांतीत तापमान ३७ आणि नाडी ६० असलेला जवान आता ३८.५ वर आहे आणि नाडी १७०. तापमानाचे गुण: १.५ भागिले २.५, गुणिले ५, म्हणजे ३. नाडीचे: ११० भागिले १२०, गुणिले ५, म्हणजे ४.६. एकूण ७.६, बऱ्यापैकी जास्त. त्याचा जोडीदार तेवढ्याच नाडीवर, पण नुकताच आत गेलेला, तापमान ३७.३. त्याचा हिशेब ५.२. नाडी दोघांची सारखीच, पण बाहेर आधी कुणाला बोलवायचं ते कळतं. नुसती नाडी पाहिली असती तर कळलं नसतं.

इस्कटून_सांगा

आत्ता डोक्यात प्रकाश पडला. धन्यवाद ताई.

जुना_बंबवाला

निवृत्त आहे, नोकरीची सगळी वर्षं दलात काढली. बोलावलंच आहे तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाहेरचा अधिकारी टॅब बघत बसेल हे ज्याने गृहीत धरलं त्याने कधी वर्दी केलेली नाही. त्याच्या एका कानाला वॉकीटॉकी. पाण्याचा टँकर कुठे अडकलाय, वीज तोडली का, आत कुणी राहिलंय म्हणून रडणारी बाई, मागच्या बाजूने धूर काळा का झाला, हे सगळं एकाच वेळी. त्यात सहा जणांच्या नाड्यांचे आलेख! आणि आत गेलेल्या प्रत्येकाची नाडी पावणेदोनशेच्या घरातच असणार. सगळेच लाल दिसले तर बघायचं कुणाकडे? दोनदा खोटा दिवा लागला की तिसऱ्यांदा कुणी मान वर करत नाही.

बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मास्क, घालून आत जाताना दाराशी कंट्रोल बोर्ड असतो. आपली टॅली, म्हणजे ओळखपट्टी, काढून द्यायची, तिच्यावर नाव, सिलिंडरचा दाब आणि आत जायची वेळ. बोर्डवाला हिशेब करून लिहितो की याची हवा संपत आल्याची शिट्टी साधारण किती वाजता वाजायला पाहिजे. बोर्डाजवळचा माणूस दुसरं काहीच करत नाही, त्याचं काम तेवढंच. आता हवेचा दाब आपोआप त्या बोर्डावर पाठवणारे सेटही आलेत. सेन्सर जोडायचाच तर त्या बोर्डाला जोडा. तिथे बघणारा माणूस आधीच नेमलेला असतो आणि काय करायचं हेही ठरलेलं असतं. नवा पडदा देऊ नका.

अंगावरचं यंत्र आम्हाला नवीन नाही. सेटवर पास अलार्म असतो. साधारण ३० सेकंद माणूस हलला नाही की कानठळ्या बसवणारा आवाज. त्याआधी तो जरा कुरकुरतो, तेव्हा कंबर हलवली की गप्प होतो. इतकं साधं यंत्र, पण त्यानेही दगा दिलाय. अमेरिकेत मृत्यूंच्या चौकशांमधून शंका आली आणि प्रयोगशाळेत भट्टीत घालून बघितलं तर १५० अंशांच्या आसपासच काहींचा आवाज बसायला लागला. २००७ मध्ये मानक बदलून उष्णतेची कसोटी आणली. आता विचार करा, पट्ट्यातल्या लिथियमच्या सेलचं काय. तो आतल्या बनियनला लागून राहिला तर निभावेल, कारण तिथे ५५ अंश झाले तर सेलआधी माणसाच्या कातडीला फोड येतील. पण ट्रान्समीटर बाहेरच्या खिशात ठेवला तर संपलंच.

बाकी धागाकर्तीच्या मुख्य मुद्द्याला माझे दहा पैकी दहा. बाहेर आलेला जवान कसा असतो सांगतो. हेल्मेट काढलं की डोक्यातून वाफ निघते. हूड ओलाचिंब. हातमोजा उलटा होऊनच निघतो, आणि मग बोटं अशी थरथरतात की सेटच्या पट्ट्याचं बकल सुटत नाही, दुसऱ्याने सोडवायचं. विचारलं 'कसा आहेस?' तर उत्तर ठरलेलं, 'एकदम फिट, सिलिंडर बदला, परत जातो.' खरं कुणीच सांगत नाही. दुखतंय म्हणणारा मागे पडतो ना. तिथे पट्ट्यावरचा आकडा कामाचा, कारण तो अधिकाऱ्याला बोलायची सोय करून देतो. 'तू कच्चा आहेस' म्हणायला नको. 'बोर्ड सोडत नाहीये, बस दहा मिनिटं' एवढं पुरतं.

आणि आकड्याची वाटही बघायची नाही. अमेरिकी मानकात ३० मिनिटांचे दोन सिलिंडर संपले, किंवा ४५-६० मिनिटांचा एक संपला, की निदान २० मिनिटं बसायचंच. सूट उतरवायचा, कोपरापर्यंत हात गार पाण्यात. याने आतलं तापमान खरंच उतरतं. बादली आणि स्टूल, खर्च काय तो एवढाच.

तिरफळ

बंबवाले काका, मग २० मिनिटांचा नियम आणि बादली आहेच, तर पट्टा हवा कशाला? तुम्हीच तुमच्या मुद्द्याला सुरुंग लावलात की.

जुना_बंबवाला

२० मिनिटांनी कुणाची नाडी १०० च्या खाली येते आणि कुणाची १३० वरच अडकते. दिसायला दोघं सारखेच, दोघंही हसतायत. दुसऱ्याला परत आत सोडायचं नाही आणि नाडीपरीक्षा ताईंच्या त्या बारा लीडच्या मशीनकडे न्यायचं. पट्टा त्याच्यासाठी.

नाडीपरीक्षा

+१. आणि ती नाडी उतरते कशी याची रेघ आम्हाला मिळाली तर सोन्याहून पिवळं. येणारा जवान सांगतो 'मघाशी जरा धडधडलं.' मघाशी म्हणजे कधी, किती वेळ, लय कशी होती, काहीच हाती नसतं.

लोखंडी_जिना

रेडिओ लिंकवर काम करतो, माझी चार आणे भर.

आतून बाहेर सतत डेटा येईल यावर भिस्त ठेवून काही बांधू नका. लोखंडी सळ्यांचं काँक्रीट, तळघर, लिफ्टचा चौक, सिग्नल कुठे गळपटेल सांगता येत नाही. आणि आकडा आला नाही याचे दोन अर्थ होतात: माणूस संकटात आहे किंवा तो जाड भिंतीच्या मागे आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून पट्ट्यातच साठवण हवी आणि धोक्याचा निर्णयही पट्ट्यातच व्हायला हवा. लिंक मिळाली की साचलेलं सगळं ओतायचं. तुम्ही म्हणता तसं बाहेर आल्यावर वाचायचं असेल तर माझं निम्मं काम आपोआप सोपं झालं.

नाडीपेक्षा 'कुठे आहे' हा प्रश्न जास्त कठीण आहे. ३ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेत वूस्टर इथे बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. आतली रचना भुलभुलैयासारखी. दोन जवान आत हरवले, त्यांना शोधायला गेलेले चार परतले नाहीत. सहा जण गेले. त्याच गावातल्या वूस्टर पॉलिटेक्निकने मग इमारतीच्या आत माणूस शोधण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. जीपीएस छताखाली चालत नाही. बुटातल्या सेन्सरने पावलं मोजत गेलं तर चूक साठत जाते, दर पावलाला पाय टेकला की वेगाचा हिशेब शून्यावर आणून ती आवरता येते, पण गुडघ्यांवर रांगणाऱ्याचं काय? आणि धुरात जवान रांगतच असतात. हवेच्या दाबावरून मजला काढावा तर धूर खेचणारे पंखे आणि आगीची उष्णता दाबच हलवतात. 'तिसऱ्या मजल्यावर नाडी १९०' यातला 'तिसऱ्या मजल्यावर' हा भाग अजून कच्चाच आहे.

खुसपट

सगळे जण पट्टा कुठे लावायचा यावर बोलताय, तो डेटा कुणाचा यावर कुणीच नाही. आज तब्येतीसाठी लावलेला पट्टा उद्या बढतीच्या वेळी बाहेर येणार. 'तुमची नाडी उतरायला वेळ लागतो, तुम्ही कार्यालयीन कामाला बरे.' विमावाल्यांच्या हाती लागला तर विचारूच नका. युरोपच्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या कायद्यामध्ये आरोग्याची माहिती खास संरक्षित प्रकारात मोडते, आणि नोकराने मालकाला दिलेली संमती मोकळेपणाने दिली असं सहसा धरत नाहीत. साहेबाने 'घालतोस ना?' विचारल्यावर नाही कोण म्हणेल?

जुना_बंबवाला

खुसपट नावाला जागलात, पण मुद्दा सोळा आणे खरा. ही भीती राहिली तर पोरं पट्टा ओला न करता सैल बांधतील, म्हणजे आकडाच येणार नाही. अशा युक्त्या कुणी शिकवाव्या लागत नाहीत.

आडवळण

यावर मला वाटणारी वाटणी अशी: वर्दीच्या वेळी बोर्डवाल्याला फक्त रंग दिसावा, आकडा नको. कच्ची रेघ जवानाला आणि त्याच्या डॉक्टरला. खात्याला नावं काढलेला एकत्रित अहवाल, म्हणजे कुठल्या प्रकारच्या कामात माणसं सर्वांत जास्त तापतात ते कळेल आणि आलटूनपालटून आत पाठवायच्या जोड्या त्याप्रमाणे लावता येतील. आणि हे शिस्तीच्या कारवाईत वापरणार नाही असं संघटनेबरोबर आधी लेखी. तोंडी आश्वासन नको.

खुसपट

लेखी असेल तर मी माझं खुसपट मागे घ्यायचा विचार करेन. विचार.

पाऱ्याची_बाटली

रसायनशास्त्रवाली आहे. तुम्ही सगळे हृदयावर अडकलात, म्हणून दुसरी बाजू. २०२२ मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, जवानाचं काम हेच कर्करोगकारक म्हणून पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात टाकलं. मेसोथेलिओमा (मुख्यतः फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्याबाबत माणसांमधला पुरावा पुरेसा मानला. ही हानी नाडीत दिसत नाही, वर्षांनी दिसते.

त्यासाठीचा सेन्सर अगदीच गरीब आहे, त्यात बॅटरी नाही, पडदा नाही. सिलिकॉनचा बिल्ला गळ्यात घालायचा. धुरातली पॉलिअरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे अर्धवट जळण्यातून येणारी घातक रसायनं, सिलिकॉन शोषून घेतं. ठरावीक दिवसांनी बिल्ला प्रयोगशाळेत पाठवायचा, ते द्रावकाने सगळं बाहेर काढून मोजतात. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या किम अँडरसन यांच्या गटाने आधी मनगटी पट्टे आणि पुढे जवानांसाठी असे बिल्ले वापरले. तो त्या क्षणी काहीच सांगत नाही, पण स्टेशनात जेवताना, झोपताना किती येतंय हेही त्यात उतरतं.

ता. क. छातीवरचे पट्टेही हीच घाण शोषतात. इथे कुणी त्याबद्दल बोललं नाही म्हणून विचारते, एक पट्टा दोघांनी वापरायचा का? आणि धुणार कोण?

जुना_बंबवाला

एक पट्टा एकाचाच, नाव लिहून. बाहेर आल्यावर लगेच काढायचा नाही, बादलीतून हात निघाले, नाडी उतरली, रेघ उतरवून घेतली, मग काढायचा. ट्रान्समीटरची डबी सुटी करून पुसायची. पट्टा हूड आणि हातमोज्यांबरोबर वेगळ्या पिशवीत, घरी न्यायचा नाही, घरच्या कपड्यांत धुवायचा नाही. स्टेशनातल्या सूट धुण्याच्या मशीनमध्ये जाईल असाच पट्टा विकत घ्या. आणि बकल मोठं द्या हो, थरथरत्या बोटांना सुटेल असं.

गोगलगाय

रुमाल उचलतो. वाचनखूण साठवली आहे.